पूल बांधून झाल्यावर



गोदावरीला पूर आला की नाशिककरांची पावले आपोआप नदीकडे वळतात. रामकुंडाजवळ, नदीच्या पात्रातच, दुतोंड्या मारुती उभा आहे. पूर मोजायची आमची पट्टी म्हणजे हा मारुती. धरणातून किती क्युसेक पाणी सोडले हा झाला सरकारी आकडा. गावात मात्र बातमी फिरते ती अशी, की पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, आता छातीला आले. गळ्याशी आले म्हटले की सराफ बाजारात आणि भांडी बाजारात माल वरच्या मजल्यावर चढू लागतो. पुलांच्या कठड्यांशी माणसांची ही गर्दी होते. लहान मुले वडिलांच्या खांद्यावर बसून पाणी बघतात.

दोन-तीन दिवसांनी पूर ओसरतो. गर्दी पांगते, दुकानदार चिखल काढतात, पुलावरून पुन्हा रिक्षा आणि मोटारी धावू लागतात. इथे मला एक प्रश्न विचारावासा वाटतो. पाणी किती चढले हे पाहायला सारे गाव जमते. पण ते उतरल्यावर पुलाच्या खांबाशी त्याने काय केले हे पाहायला कोण जाते? पायाशेजारची वाळू वाहून गेली का, खांबाचा एखादा दगड निखळला का, कुठे नवी भेग पडली का? पुराचे खरे काम पाण्याखाली चालते, आणि आपले लक्ष असते पाण्याच्या वर.

आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. रस्ता किंवा पूल बांधून झाल्यावर, फीत कापून झाल्यावर, पाहुणे घरी गेल्यावर, त्याचे पुढे काय होते? इंजिनिअर मंडळी याला जीवनचक्र व्यवस्थापन असे भारदस्त नाव देतात. आपण साधे शब्द वापरू. माणसाला जसे जन्म, तारुण्य, दुखणी, म्हातारपण आणि शेवट असतो, तसाच तो रस्त्याला आणि पुलालाही असतो. आणि या प्रत्येक अवस्थेत त्याच्याकडे पाहणारे कोणीतरी लागते. एवढाच त्याचा अर्थ.

२ ऑगस्ट २०१६ हा दिवस आठवा. त्या दिवशी नाशिकला गोदावरीचा मोठा पूर होता. त्याच रात्री तिकडे कोकणात, महाडजवळ, मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीचा पूल पुरात वाहून गेला. दगडी कमानींचा पूल, १९२८ साली बांधलेला, म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. एस. टी. च्या दोन गाड्या आणि एक मोटार अंधारात त्या खिंडारातून सरळ नदीत गेल्या. सुमारे चाळीस माणसे गेली. काही जणांचा तर पत्ताही लागला नाही.

या घटनेतली मनाला लागणारी गोष्ट अशी, की त्या पुलाची त्याच वर्षी मे महिन्यात तपासणी झालेली होती, आणि त्यात धोका आहे असे काही निघाले नव्हते. नंतर तिथे नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी सुरूही झाला. हे काम कौतुकाचेच आहे. पण एक विचार मनातून जात नाही. नवा पूल बांधायला आपल्याला सहा महिनेही लागले नाहीत. मग जुन्याचे दुखणे ओळखायला अठ्ठ्याऐंशी वर्षे का पुरली नाहीत? म्हणजे बांधण्याची विद्या आपल्यापाशी आहे. उणीव आहे ती सांभाळण्याच्या सवयीची.

कोणी म्हणेल, जुना पूल होता, वय झाले होते, पडायचाच. पण वयाने हिशेब सुटत नाही. शेजारच्या गुजरातेत, मही नदीवर, गंभीरा येथला पूल १९८५ सालचा, म्हणजे अवघा चाळिशीतला. ९ जुलै २०२५ रोजी सकाळी वाहतूक चालू असताना त्याचा एक गाळा नदीत कोसळला आणि वीसहून अधिक माणसे गेली. चाळीस वर्षे हे काही पुलाचे म्हातारपण नव्हे. माणसाप्रमाणे पुलातही कोणी ऐंशीव्या वर्षी ताठ चालतो आणि कोणी चाळिशीत अंथरूण धरतो.

आता याच्या उलट एक उदाहरण आपल्या घरचेच पाहू. कसारा ते इगतपुरी हा थळघाटातला लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा तो खडा चढ. मुंबईहून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना आजही कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावतात, हे आपण खिडकीतून पाहिले असेल. वाटेत एहेगावचा तो उंच पूल लागतो. गाडी त्यावरून जाताना खाली दरीत पाहिले की अजूनही पोटात गोळा येतो. या मार्गाला दीडशेहून अधिक पावसाळे झाले, आणि पाऊसही कुठला, तर इगतपुरीचा! मग तो टिकला कशामुळे?

तो टिकला, कारण तो आहे तसा कधी ठेवलाच नाही. शेतकऱ्याच्या बैलगाडीचे पाहा. आजोबांची गाडी आपण अभिमानाने दाखवतो. पण तिची धाव कितीदा नवी चढवली, आरे कितीदा बदलले, आस कधी घातला, साटा कुणी नवा केला, याचा हिशेब मांडला तर आजोबांच्या वेळचे थोडेच उरलेले असते. गाडी मात्र तीच. थळघाटाचेही तसेच आहे. सुरुवातीला घाटात अशी एक जागा होती, की तिथे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावावे लागे. १९१८ साली मार्ग बदलून ती अडचण काढून टाकली. पुढे वाफेची इंजिने जाऊन विजेची आली. लाकडी स्लीपर गेले, काँक्रीटचे आले. रूळ तर कितीदा बदलले गेले असतील. जे झिजते ते मोडायच्या आत बदलायचे, हा तिथला नियम.

याहून मोठी गोष्ट म्हणजे रोजची नजर. रेल्वेत ज्याला की-मन म्हणतात, तो कामगार खांद्यावर हातोडा आणि पाना टाकून रोज सकाळी आपल्या वाट्याचे काही किलोमीटर पायी चालतो. ढिली झालेली कळ ठोकतो, सैल बोल्ट आवळतो, तडा दिसला तर गाडी थांबवतो. पावसाळ्यात रात्रीच्या रात्री गस्त चालते. पावसाळ्यापूर्वी घाटातल्या कड्यांवर दोराला लटकून माणसे सुटलेल्या दरडी शोधतात आणि गाडी नसताना मुद्दाम खाली पाडतात. आपण झोपेत घाट ओलांडतो, त्यामागे कुणाचे तरी हे जागरण असते. त्याचे उद्घाटन होत नाही आणि पाटीही लागत नाही.

रेल्वेलाही हे शहाणपण फुकट मिळालेले नाही. पलीकडच्या बोरघाटात रेल्वे सुरू झाली १८६३ साली, आणि १८६७ साली तिथला एक मोठा दगडी पूल कोसळला. चार वर्षांचा पूल! त्या वेळी निकृष्ट दगडकामाकडे बोट दाखवले गेले. मग बाकीच्या पुलांची तपासणी झाली आणि जे कच्चे ठरले ते नव्याने बांधावे लागले. तेव्हा इंग्रजांच्या काळचे सगळे पक्के आणि आत्ताचे सगळे कच्चे, असे जे आपण चावडीवर बोलतो, तेही खरे नाही. जे पक्के होते आणि ज्याची निगा झाली तेवढेच उरले, आणि उरलेले तेवढे आपल्याला दिसते.

आता रेल्वेकडून रस्त्याकडे येऊ. रस्त्याला की-मन नाही. एकेकाळी रस्त्यावर मैलकुली असे. ठराविक मैलांचा रस्ता त्याच्या स्वाधीन. घमेले, फावडे घेऊन तो खड्डा बुजवी, गटार मोकळे करी, साइडपट्टीवरचे गवत काढी. आता यंत्रे आली आणि ठेके आले. काम मोठे झाले, वेगाने होऊ लागले. पण रोज पायी चालणारी नजर मात्र रस्त्यावरून उठली.

ही नजर का लागते, हे समजायला रस्ता कशाने मरतो ते पाहिले पाहिजे. रस्त्याचे दोन शत्रू: पाणी आणि ओझे. पहिला पाणी. डांबराचा काळा थर हा रस्ता नव्हेच. ते रस्त्याचे छप्पर. खरा रस्ता खाली असतो, खडीचा आणि मुरुमाचा. छप्पर शाबूत आहे तोवर खालचा मुरूम कोरडा आणि घट्ट राहतो. म्हणून तर रस्त्याला मध्ये उंच आणि कडेला उतरता असा बाक देतात, की पडलेले पाणी गटारात जावे. पण छपराला बारीक भेग पडली की पाणी आत शिरते. खालचा मुरूम भिजून मऊ होतो. वरून चाक गेले की छप्पर खचते आणि खड्डा पडतो. त्या खड्ड्यात पाणी साचते, त्याने शेजारचा खड्डा पडतो. निफाड-सिन्नरकडे खाली काळी माती असेल तर विचारूच नका. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, आणि वरचा रस्ता तिच्याबरोबर लाटांसारखा हलतो.

यात फसवे असे काय आहे, तर रस्ता पहिली काही वर्षे बिघडतच नाही असे दिसते. सगळे खूष असतात. मग एका पावसाळ्यात चार खड्डे, पुढच्या पावसाळ्यात चाळीस, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात रस्ता होता कुठे असे विचारायची पाळी. पहिली भेग बुजवायला डांबराचा एक डबा आणि दोन माणसे पुरली असती. ती वेळ गेली की वरचा सबंध थर नवा लागतो. तीही वेळ गेली की रस्ता मुळापासून उकरून पुन्हा बांधावा लागतो. आपण घर शाकारायला मृग नक्षत्राची वाट पाहत नाही, त्याच्या आधीच कौले चाळून घेतो. चार फुटकी कौले वेळेत बदलली नाहीत तर वासा कुजतो, हे आपल्या घरातल्या म्हातारीलाही ठाऊक असते. रस्त्याच्या बाबतीत मात्र वासे कुजेपर्यंत आपण थांबतो आणि मग नवे घर मंजूर करा म्हणून अर्ज करतो.

दुसरा शत्रू ओझे. शिक्षक बंधुभगिनींना इथे वर्गात घालण्याजोगे एक गणित सांगतो. अमेरिकेत इलिनॉय संस्थानात १९५८ ते १९६० या काळात एक प्रचंड प्रयोग झाला. मुद्दाम रस्ते बांधले, त्यांवरून वेगवेगळ्या वजनाच्या ट्रक रात्रंदिवस फिरवल्या आणि कोणता रस्ता किती फेऱ्यांनी मोडतो ते मोजले. निष्कर्ष असा निघाला, की आसावरचे ओझे वाढले की रस्त्याचे नुकसान ढोबळमानाने त्याच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे ओझे दुप्पट तर नुकसान दुप्पट नाही, चौपट नाही. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे सोळापट! चारऐवजी पाच टन घातले, म्हणजे पावपट जास्त, तरी नुकसान जवळजवळ अडीचपट होते. मुलांकडून हे गणित करून घ्या. लासलगावला, पिंपळगावला कांद्याची गाडी एका फेरीत जास्त भरून भाडे वाचवले असे आपल्याला वाटते. ते वाचलेले भाडे रस्ता आपल्याकडून पुढे व्याजासह वसूल करतो. टायर फुटतो, पाटा तुटतो, आणि द्राक्षाच्या क्रेटमध्ये हिसक्यांनी मणी गळून घड मोकळे होतात ते वेगळेच. आणि बाळंतीण बाई जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात निघते, तेव्हा खराब रस्त्याची किंमत रुपयांत सांगताच येत नाही.

पैशाचाच हिशेब करायचा तर तोही झालेला आहे. जागतिक बँकेने १९८८ साली ८५ विकसनशील देशांतल्या रस्त्यांचा अभ्यास करून एक अहवाल काढला. आधीच्या वीस वर्षांत निगा न राखल्यामुळे या देशांनी चाळीस ते पंचेचाळीस अब्ज डॉलरांचे रस्ते गमावले, आणि वेळीच देखभाल केली असती तर सुमारे बारा अब्ज डॉलरांत ते वाचले असते, असा त्याचा सारांश. एक रुपया वाचवला आणि साडेतीन रुपये घालवले, असा हा व्यवहार. एखाद्या सावकाराच्या नादी लागूनही कुणी इतका वेगाने बुडत नाही.

मग असे होते तरी का? माणसे काही वेडी नाहीत. कारण सरळ आहे. नव्या पुलाची कोनशिला बसते, त्यावर नाव असते. जुन्या पुलाच्या बेअरिंगला वंगण दिले याची कोनशिला बसत नाही. नवा रस्ता गावकरी मागतात, मोर्चा काढतात. मोरी साफ करा म्हणून मोर्चा निघालेला कुणी पाहिला आहे काय? देणाऱ्याला नवे द्यायला आवडते, आणि मागणाऱ्याला नवेच मागायला आवडते. दोष दोन्ही बाजूंचा आहे.

आपले पूर्वज या बाबतीत अधिक व्यवहारी होते. पूर्वी कोणी देऊळ बांधले तर नुसते शिखर चढवून मोकळा होत नसे. देवाच्या पूजेसाठी, दिवाबत्तीसाठी, झाडलोटीसाठी जमीन इनाम लावून देई. देऊळ बांधायला लागला तो खर्च एकदाचा. पण गाभाऱ्यातला दिवा रोज तेल मागतो, हे बांधणाऱ्याला पहिल्या दिवशी माहीत असे, आणि त्या तेलाची सोय तो बांधतानाच करी. माझे म्हणणे एवढेच आहे, की प्रत्येक पुलाची आणि प्रत्येक रस्त्याची अशी दिवाबत्तीची सोय तो बांधतानाच झाली पाहिजे. मंजुरीच्या कागदावर बांधकामाचा आकडा असतो, त्याच्या शेजारीच पुढल्या तीस-चाळीस वर्षांच्या निगेचा आकडा हवा. आणि तो पैसा दुसरीकडे वळवता येऊ नये.

याची सुरुवात मुळीच झाली नाही असे नाही. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. तिच्यात एक चांगला नियम घातला आहे. ज्या ठेकेदाराने रस्ता बांधला त्यानेच पहिली पाच वर्षे त्याची देखभाल करायची, आणि हे बांधकामाच्या करारातच लिहिलेले. त्यामुळे खराब काम करून पळून जाण्यात त्याला फायदा राहत नाही. पहिल्या पावसात रस्ता उखडला तर भुर्दंड त्याच्याच माथी. आपल्या गावच्या रस्त्याच्या तोंडाशी या योजनेची पाटी असते. तिच्यावर काम कधी पुरे झाले, खर्च किती आणि देखभालीची तरतूद किती हे लिहिलेले असते. आपण पाटीजवळ एस. टी. ची वाट पाहतो, तिला पाठ टेकून उभे राहतो, पण ती वाचतो किती जण? पाच वर्षांची मुदत कधी संपते हे पाहून ठेवा, आणि ती संपायच्या आधीच्या ग्रामसभेत पुढे काय, हा प्रश्न विचारा. मुदतीनंतर रस्ता पोरका होतो, आणि खरी दुखणी त्यानंतरच सुरू होतात.

सावित्रीच्या अपघातानंतर त्याच २०१६ सालच्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांची एक मोठी नोंदवही सुरू केली. दीड लाखाहून अधिक लहानमोठे पूल आणि मोऱ्या यांची मोजदाद झाली. प्रत्येकाला क्रमांक दिला आणि प्रकृतीप्रमाणे गुण दिले. माणसाच्या रेशनकार्डासारखे हे पुलाचे कार्ड. कुठल्या पुलाला आधी औषध द्यायचे हे यावरून ठरवता येते. पण महामार्गावरचा पूल मोजला गेला तरी आपल्या ओढ्यावरची फरशी आणि शाळेच्या वाटेवरची मोरी या वहीत नाही. ती वही आपणच घातली पाहिजे.

म्हणून शिक्षकांना माझी एक विनंती आहे. शाळेत एक वही करा आणि तिला गावच्या वाटांची वही असे नाव द्या. गावच्या शिवेत किती मोऱ्या, किती फरशा, किती पूल हे मुलांना घेऊन मोजा. प्रत्येकाला क्रमांक द्या. वर्षातून दोनदा त्यांची पाहणी करा, एकदा मृगापूर्वी आणि एकदा पाऊस उघडल्यावर, दिवाळीच्या सुमारास. मोरीचे तोंड गवताने, गाळाने, प्लास्टिकने बंद झाले आहे काय? दगडांच्या सांध्यात पिंपळ-उंबर उगवला आहे काय? रोप बोटभर असताना उपटून टाकता येते; मनगटाएवढे झाले की त्याच्या मुळ्या भिंत फोडतात. खांबाच्या पायाशी खळगा पडला आहे काय? काँक्रीट फुगून आतली गंजलेली सळई दिसते आहे काय? कठडा तुटला आहे काय? भेगेच्या दोन्ही टोकांना रंगाची खूण करून शेजारी तारीख लिहा. पुढच्या खेपेला भेग खुणेच्या पुढे गेली असेल तर ती जिवंत आहे असे समजा. पाण्यात मात्र मुलांना उतरू देऊ नका; काठावरून दिसते तेवढे पुरे. मग हे सारे एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या शिक्क्यासह बांधकाम खात्याच्या उपविभागीय कार्यालयात द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. तारखेचा कागद फायलीत राहतो. मुलांचे यात भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र तिन्ही होते.

शेतकरी बांधवांनाही दोन गोष्टी सांगतो, राग मानू नका. रस्त्याकडेचे गटार बुजवून आपण शेतात गाडी उतरवायला वाट करतो, पण खाली नळा टाकत नाही. मग वरच्या शंभर एकरांचे पाणी रस्त्यावर येते. पाइपलाइन न्यायला रस्ता आडवा खोदतो आणि वर चार घमेली माती लोटून देतो. ती खाच पहिल्याच पावसात खचते. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ या भाताच्या मुलखात खाचरात चिखलणी केल्यावर ट्रॅक्टरची लोखंडी चाके तशीच डांबरी रस्त्यावरून नेतात. तासाभराचा आळस, पण ती चाके छपराला जागोजाग भोके पाडतात. हे सरकारने केलेले नाही, हे आपणच केले. आणि फरशीवरून पाणी जात असेल तर, कितीही घाई असली, गाडी घालू नका. वरून गुडघाभर पाणी दिसते, पण खाली फरशी आहे की वाहून गेली, हे पाणी सांगत नाही.

आणखी एक अवस्था राहिली, शेवटची. पुलालाही निरोप द्यावा लागतो, आणि तो वेळेवर द्यावा लागतो. बोरघाटातला अमृतांजन पूल १८३० सालचा. त्याने एकशे नव्वद वर्षे काम केले. खालच्या वाहतुकीला अडचण होऊ लागली, तेव्हा एप्रिल २०२० मध्ये रस्ता रिकामा असताना सुरुंग लावून तो पाडला. अनेकांना वाईट वाटले. पण कुणाच्या अंगावर तो पडला नाही. याउलट मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल धोक्याचा आहे अशी पाटी होती. तरी १५ जून २०२५ रोजी, रविवारी, त्यावर माणसांची गर्दी झाली आणि तो कोसळला. चार जीव गेले. धोक्याची पाटी लावणे म्हणजे निरोप देणे नव्हे. जो पूल चालण्याजोगा नाही त्यावर पाऊलच पडणार नाही अशी भिंत तरी घालावी, नाहीतर तो उतरवावा.

आता आपल्या नाशिककडे परत येतो. सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो. २००३ साली आला, २०१५ साली आला, आणि २०२७ सालच्या पर्वासाठी पुन्हा रस्त्यांची, पुलांची, घाटांची मोठी कामे निघाली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि ज्या सह्याद्रीत १८६५ साली रेल्वे चढली त्याच्याच पोटातून जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा मोटारींना मिळाला. या बोगद्यालाही दिवे लागतात, पंखे लागतात, झिरपणारे पाणी वाहून न्यावे लागते, रात्रंदिवस. बांधणारे गेले तरी हे काम राहते. नवे झाले याचा आनंद जरूर मानावा. पण आपली एक खोड अशी, की सिंहस्थ आला की आपण सारे जागे होतो आणि साधू परतले की पुढली दहा वर्षे निजतो. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो; पाऊस मात्र दर वर्षी येतो. रस्त्याचे आणि पुलाचे पंचांग सिंहस्थाचे नाही, पावसाचे आहे.

तेव्हा पुढच्या वेळी गोदेला पूर येईल, तेव्हा पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आले ते जरूर पाहा. मीही पाहीन. पण पूर ओसरल्यावर चार दिवसांनी, गर्दी नसताना, पुन्हा एकदा नदीवर जा. तुमच्या गावी गोदावरी नसेल तर कादवा असेल, दारणा असेल, नाहीतर बिननावाचा एखादा ओढा असेल. काठावर उभे राहा आणि खांबाच्या पायाकडे पाहा. काही वेगळे दिसले तर कागदावर लिहा, तारीख घाला आणि तो कागद पोचवा. ज्या रात्री एखादी एस. टी. त्या पुलावरून सुखरूप पलीकडे जाईल, त्या रात्री तुमचे नाव कुणाला कळणार नाही. की-मनचेही कुणाला कळत नाही.